एकाच पोलादाचे दोन चाकू

भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या कारखान्यात, मी नऊ वर्षे काम केले. तेथले आमचे मिस्त्री पिन छिद्रात बसवण्यापूर्वी ती आधी कोरडीच बोटाने ढकलून पाहत आणि नंतर तेलाचा हात लावून पुन्हा ढकलत. कोरडी असताना तिने अडावे आणि तेल लागताच स्वतःच्या वजनाने खाली सरकावे, असा त्यांचा दंडक होता. "माप मायक्रोमीटरनं घे, पण फिट बोटानं बघ," हे त्यांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले होते की, 2014 साली नोकरीनिमित्त अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरला आल्यावर पहिला महागडा घडीचा चाकू हाती घेतला तेव्हा आधी पात्याकडे न पाहता मी ते ज्या खिळीवर फिरते तिच्याकडेच पाहिले. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे असे अकरा चाकू आले आणि त्यांपैकी आठ गेले. ते कसे पारखले, पारखताना कोठे फसलो आणि शेवटी कोणते ठेवले, हे सविस्तर लिहून ठेवावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

आपल्याकडे खिशात घडीचा चाकू आहे म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे रामपुरीच उभा राहतो. घरात विळी, सुरी, कोयता, अडकित्ता हे सगळे असते, पण खिशातला चाकू हा सभ्य माणसाच्या सामानात धरला जात नाही. कोलोरॅडोत मात्र गवताच्या गाठोड्याची दोरी कापणारा शेतकरी, खोकी फोडणारा दुकानदार आणि माझ्या कार्यालयातील वयस्क ड्राफ्ट्समन हे सगळेच तो किल्ल्यांच्या जुडग्याइतक्या सहजतेने बाळगतात. कायदा तेथेही आहेच. 3.5 इंचांपेक्षा लांब पात्याचा चाकू अंगावर लपवून नेण्यास राज्यात मनाई आहे आणि शिकारीचा व मासेमारीचा चाकू त्याला अपवाद आहे. माझ्या निवडीवर या मापाचा मोठा परिणाम झाला, कारण ज्या चाकूसाठी मी पैसे साठवत होतो त्या सेबेन्झाच्या मोठ्या आकाराचे पाते 3.61 इंचांचे आहे. त्यामुळे 2.99 इंचांचा छोटा सेबेन्झा घ्यायचा, हे आधीच ठरून गेले.

पहिला सेबेन्झा मी 2019 च्या हिवाळ्यात एका अनोळखी विक्रेत्याकडून, वापरलेला म्हणून घेतला आणि तो बनावट निघाला. डबा होता, प्रमाणपत्रही होते, आणि राखाडी टायटॅनियमची मूठ तर छायाचित्रात हुबेहूब दिसत होती. पहिली शंका वजनावरून आली. छोट्या सेबेन्झाचे वजन सुमारे 85 ग्रॅम असायला हवे, आणि माझ्या काट्यावर 98 भरले. तेरा ग्रॅमचा फरक हाताला सहसा कळत नाही. मात्र 85 ग्रॅमच्या वस्तूत तो फार मोठा आहे. नंतर स्क्रू काढून पाहिले तर पात्याच्या दोन्ही अंगांच्या चकत्या साध्या, भोके नसलेल्या होत्या. खीळ थेट पात्यातून गेलेली होती, मधे काहीही नव्हते, त्यामुळे स्क्रू पूर्ण आवळला की पाते जाम होई आणि पाव फेरा सैल केला की डुगडुगे. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तो चाकू मी विकला नाही, कोणाला दिलाही नाही. पुढच्या प्रत्येक चाकूच्या शेजारी ठेवून पाहण्यासाठी तो माझ्या खणात तसाच पडून आहे.

खरा सेबेन्झा, 31 या क्रमांकाचे मॉडेल, मी 2021 मध्ये अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. त्याला साडेतीनशेहून अधिक डॉलर पडले. ही रक्कम घरात सांगताना मला संकोच वाटला, म्हणून ती नेमकी कशासाठी मोजली हे मला स्वतःला सिद्ध करून पाहायचे होते. डब्यात षटकोनी चावी आणि वंगणाची छोटी नळी असते, म्हणजे मालकाने चाकू उघडावा हे बनवणाऱ्याला मान्यच आहे. मी जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा पसरला आणि एकेक भाग काढून क्रमाने मांडला: टायटॅनियमच्या दोन बाजू, पाते, फॉस्फर ब्राँझच्या दोन चकत्या, आणि खिळीभोवती बसणारी पोलादाची एक आखूड नळी, टूलरूमच्या भाषेत बुश. चकत्यांना बारीक भोके असतात आणि त्या भोकांत वंगण साठून राहते. सगळी गंमत मात्र त्या बुशमध्ये आहे. पाते बुशभोवती फिरते आणि स्क्रू आवळला की दोन्ही बाजू पात्यावर न दाबता बुशच्या दोन टोकांवर दाबल्या जातात. म्हणून स्क्रू पूर्ण ताकदीने आवळला तरी पाते मोकळे राहते आणि "किती आवळावे" हा प्रश्नच उरत नाही. हे साधण्यासाठी बुशची लांबी ही पाते आणि दोन चकत्या यांच्या एकत्रित जाडीपेक्षा अगदी किंचितच जास्त असावी लागते. जास्त झाली तर पाते हलते आणि कमी झाली तर अडते. मी ही मापे तीन-तीन वेळा घेतली. माझ्या चाकूत तो फरक 0.01 मिमीच्या आसपास, म्हणजे आमच्या भाषेत अर्ध्या थाऊच्याही (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आला. एका चाकूत हे जमवणे कोणाही चांगल्या मिस्त्रीला शक्य आहे, पण हजारो चाकूंत तेच माप राखणे फार कठीण आहे. पुन्हा जोडून, वंगण देऊन चाकू उघडला तेव्हा पाते तेलात बुडालेल्या दट्ट्यासारखे, मधे कोठेही न अडखळता, एकसारख्या गतीने फिरले.

हा चाकू घडवणारे ख्रिस रीव्ह हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि पेशाने टूल अँड डाय मेकर, म्हणजे टूलरूममधलेच कारागीर होते, हे मला नंतर कळले आणि फार आनंद झाला. सेबेन्झा त्यांनी 1987 साली बाजारात आणला. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ काम असा होतो. दोन वर्षांनी ते अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉइसी येथे स्थायिक झाले. त्याआधी मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतल्या पातळ पट्टीलाच स्प्रिंग करून पाते अडवण्याची लायनर लॉकची रीत रूढ केली होती. रीव्ह यांनी ती वेगळी पट्टी काढून टाकली आणि टायटॅनियमच्या मुठीचीच एक बाजू चिरून तिचा खटका केला. तुम्ही चाकू जितका घट्ट धरता तितका तुमच्याच बोटांचा दाब त्या खटक्यावर पडतो. टायटॅनियम पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे खटक्याचे तोंड झिजण्याचा किंवा पात्याच्या बुडाला चिकटण्याचा धोका असतो. सेबेन्झा 31 मध्ये त्यावर उपाय म्हणून खटक्याच्या तोंडाशी सिरॅमिकची गोळी बसवली आहे. चाकू उघडा असताना ती पात्याला टेकते आणि मिटलेला असताना तीच गोळी पात्यातील खळीत बसून त्याला आपोआप उघडू देत नाही. एकाच भागाकडून दोन कामे करून घेण्याची ही काटकसर मला फार आवडते.

दुसरा चाकू मी गोल्डन गावातून आणला. डेन्व्हरच्या पश्चिमेला, डोंगर जेथे सुरू होतात तेथे हे गाव आहे आणि स्पायडर्को कंपनीचा कारखाना व दुकान दोन्ही तेथेच आहेत. सॅल ग्लेसर यांनी 1981 साली आणलेल्या वर्कर या चाकूत पात्याला अंगठ्याने उघडण्यासाठी गोल भोक आणि खिशाच्या काठाला अडकवण्यासाठी क्लिप होती, आणि आज जगभरातील कित्येक घडीच्या चाकूंना ती क्लिप असते. मी घेतला तो पॅरामिलिटरी 2, पाते साधारण 3.4 इंच, म्हणजे कायद्याच्या मापात बसणारे. किंमत सेबेन्झाच्या निम्म्याहून कमी. याचा खटका मुठीच्या पाठीकडे असतो आणि तो पात्याचे बूड व अडण्याची पिन यांच्या फटीत पाचरीसारखा शिरतो. पाते मिटवताना बोटे पात्याच्या वाटेत येतच नाहीत. सेबेन्झात अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत ठेवावा लागतो आणि नंतर काढावा लागतो. ज्याला हातमोजे घालून काम करायचे आहे, त्याला मी निःसंकोच पॅरामिलिटरीच सुचवीन.

या दोन चाकूंची जोडी जमली ती मुख्यत्वे पोलादामुळे. माझ्या दोन्ही चाकूंचे पाते सीपीएम एस45व्हीएन या एकाच पोलादाचे आहे. चाकू जमवणाऱ्यांच्या गप्पांत पोलादाच्या नावांना फार महत्त्व असते. 2001 साली क्रूसिबल कंपनीने रीव्ह यांच्या सहभागाने खास चाकूंसाठी आणलेले एस30व्ही, नंतरचे एस35व्हीएन, मग एस45व्हीएन, आणि 2021 साली धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी रचलेले मॅग्नाकट, अशी ती नावे पाठ केली जातात आणि पोलाद नवे म्हणून चाकू विकला जातो. पोलाद सारखेच असलेल्या दोन चाकूंत जो फरक उरेल तो पोलादाचा नसणार, हे उघड आहे, आणि मला नेमका तोच फरक मोजायचा होता. तिसरा चाकू म्हणून मी वीस डॉलरांच्या आतला फ्रेंच ओपिनेल क्रमांक 8 घेतला. सॅव्हॉय प्रांतात 1890 पासून चालत आलेला हा लाकडी मुठीचा चाकू आहे. त्याचे पाते साध्या कार्बन पोलादाचे असून ते 1955 साली आलेल्या फिरत्या कड्याने अडवले जाते.

तुलना करायची तर तिन्ही धारा सारख्या हव्यात, आणि येथे मी दोन आठवडे वाया घालवले. पुण्याहून आणलेला, घरात चार दशके वापरलेला निसणा माझ्याकडे होता. त्यावर ओपिनेल दहा मिनिटांत लागला. सेबेन्झा मात्र दोन संध्याकाळी घासूनही नुसता चकचकीत झाला, धार आली नाही, आणि हात निसटून पात्याच्या अंगावर एक लांब ओरखडा तेवढा पडला. तो अजूनही दिसतो. चूक माझीच होती. या पोलादात व्हॅनेडियमच्या कार्बाइडचे कण असतात, आणि ते साध्या निसण्याच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांपेक्षा कठीण असतात. मग दगड त्यांना कापत नाही, त्यांच्याभोवतीचे मऊ पोलाद तेवढे खरवडतो. पात्याला पाणी कसे दिले आहे याची चर्चा करणाऱ्या मला दगड कशाचा आहे हे विचारायचे सुचले नाही. शेवटी हिऱ्याच्या कणांच्या प्लेटी आणल्या. कोन स्थिर ठेवणारा सांगाडा जोडून तिन्ही पात्यांना प्रत्येक बाजूने 17 अंशांची धार दिली. दर खेपेस एका बाजूची बर, म्हणजे घासल्याने पलीकडे वळणारी बारीक कड, दुसऱ्या बाजूला नखाला लागेपर्यंत घासायचे, मग बाजू बदलायची, आणि शेवटी चामड्यावर ती बर पूर्ण काढायची. नखाला लागणारी ती कड केसाहूनही बारीक असते, पण ती राहिली तर धार पहिल्या पाच-दहा छेदांतच दुमडते आणि दोष उगाच पोलादाला दिला जातो.

चाचण्या तीन केल्या. शेफील्डच्या कॅट्रा या संस्थेचे यंत्र सिलिका मिसळलेला कागद एकसारख्या दाबाने कापून धारेचे आयुष्य मोजते. माझ्याकडे कार्यालयातून आणलेली खोकी होती. पुठ्ठ्याच्या पन्हाळी आडव्या येतील अशा एकाच रुंदीच्या पट्ट्या आखल्या आणि दर दहा छेदांनंतर वर्तमानपत्राचा कागद कापून पाहिला. कागद फाटू लागला की चाचणी बंद. दुसऱ्या चाचणीत पार्सल तोलण्याच्या काट्यावर फळी ठेवून 10 मिमी जाडीचा घायपाताचा दोर पाते न ओढता, नुसते दाबून कापला आणि तुटण्याच्या क्षणी काटा किती दाखवतो ते लिहिले. तिसरी चाचणी स्वयंपाकघरातली होती: गाजर, सफरचंद आणि सुरण.

ओपिनेलने पुठ्ठ्याचे साठ-सत्तर छेद दिले. एस45व्हीएनच्या दोन्ही पात्यांनी दोनशेच्या आसपास दिले, आणि तीन फेऱ्यांत एकदा हा तर एकदा तो पुढे राहिला. पोलादाची किंमत येथे वसूल होते, यात शंका नाही. दोराच्या चाचणीत मात्र क्रम उलटला. ओपिनेलला सरासरी 8 किलो दाब पुरला, सेबेन्झाला साडेदहा लागला आणि पॅरामिलिटरीला बारा. गाजर ओपिनेलने कापले, सेबेन्झाने कापले आणि पॅरामिलिटरीने अर्ध्यावर गेल्यावर चिरफाळले. धारेचा कोन सारखा, दोघांचे पोलादही सारखे, तरी हे असे का व्हावे, याचे उत्तर मायक्रोमीटरने दिले. धार जेथे संपते त्याच्या लगेच वर पात्याची जाडी माझ्या ओपिनेलमध्ये 0.25 मिमी होती आणि बाकी दोघांत जवळपास त्याच्या दुप्पट. पात्याच्या पाठीची जाडी ओपिनेलची 1.7 मिमी, सेबेन्झाची सुमारे 3 आणि पॅरामिलिटरीची 3.7. सेबेन्झाचे पाते न्हाव्याच्या वस्तऱ्यासारखे दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले असते, त्यामुळे ते बराच वेळ पातळ राहते आणि पाठीजवळ जाऊन एकदम जाडावते. पॅरामिलिटरीचे पाते पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरते. तो जाडपणा विनाकारण नाही, कारण खोक्याची धातूची पट्टी उचकटताना मला त्याचाच भरवसा वाटतो आणि त्या कामाला मी ओपिनेल कधीही लावणार नाही. पण "हा चाकू चांगला कापतो का?" या प्रश्नाचे उत्तर पोलादाच्या नावात शोधणे मी त्या दिवसापासून सोडले. चाकू किती वेळ कापेल हे पोलाद सांगते. तो किती सहज कापेल हे घासकाम सांगते. दुकानात मात्र पाटीवर पोलादाचेच नाव असते आणि धारेमागची जाडी कोणीही छापत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

त्यानंतर एक वर्ष मी आळीपाळीने एकेक महिना एकेक चाकू खिशात ठेवला आणि वहीत नोंदी केल्या. या नोंदींनीच संग्रह कमी झाला. अटलांटा येथे दरवर्षी भरणाऱ्या ब्लेड शोमधून हौसेने आणलेला, दमास्कस म्हणजे थरांची नक्षी असलेल्या पोलादाच्या पात्याचा चाकू महिनाभरात तीनदाच उघडला, कारण त्याला ओरखडा पडेल ही भीती. तो गेला. मॅमथच्या दाताची मूठ असलेला एक होता, तोही गेला. काही चाकू उत्तम होते, पण सेबेन्झा जे करतो तेच किंचित कमी नेटकेपणाने करत होते. खणातला बनावट सोडला तर शेवटी हे तीनच राहिले. ओपिनेलचे लाकूड पावसात फुगते आणि पाते बाहेर यायला तयार होत नाही. अशा वेळी मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटले की पाते थोडे पुढे येते, ही सॅव्हॉयच्या शेतकऱ्यांची जुनी रीत आहे आणि मला ती करायला आवडते.

2023 च्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा सेबेन्झा चेक-इन केलेल्या बॅगेतून नेला. आपल्याकडे परवान्याची अट 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्रांना आहे, त्यामुळे तीन इंचांच्या या चाकूची चिंता नव्हती. त्या मुक्कामात राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांच्या कपाटांपुढे मी जवळजवळ एक तास उभा राहिलो. पूर्वी आईवडिलांबरोबर पाहिले होते तेव्हा माझी नजर त्यांच्या पशुपक्ष्यांच्या आकारांवर आणि घुंगरांवर होती. या वेळी मी फक्त खिळी पाहत होतो: कोणाची फुलासारखी ठोकलेली, कोणाची सपाट घासून धातूत मिसळवलेली, आणि बहुतेकांची इतक्या वर्षांनीही मध्यावर राहिलेली. तेथे स्क्रू नाही आणि बुशही नाही. ठोकणाऱ्याच्या हातोडीनेच खीळ किती दाबायची ते ठरवले आणि ते एकदाच, पुन्हा दुरुस्तीची सोय न ठेवता.

घरी आल्यावर आजोबांचा अडकित्ता काढला. फट मोजणाऱ्या फीलर गेजची सर्वांत बारीक, 0.04 मिमीची पट्टी त्याच्या दोन पात्यांमध्ये खिळीजवळ कशीबशी शिरली. पुढची शिरली नाही. निदान साठ वर्षे सुपारी फोडलेल्या, गावच्या लोहाराने ठोकलेल्या खिळीचे हे माप मी वहीत सेबेन्झाच्या पानासमोर लिहिले. मग चाकूच्या डब्यातील वंगणाची नळी उघडून मी एक थेंब खिळीवर सोडणार, तोच आई म्हणाली, "अरे, ते कसलं लावतोयस? सुपारीला वास येईल. खोबरेल लाव." मी नळी बंद केली. वाटीत थोडे खोबरेल घेऊन काडीच्या टोकाने एक थेंब खिळीच्या कडेला ठेवला आणि अडकित्ता सावकाश उघडला, मिटला. दुसऱ्या वेळी तो थेंब आत ओढला गेला.